भरोशाचा माणूस

सरळ रेष बघून ज्याला आनंद होतो ना, त्याच्या आधी कानाखाली एक वाजवावी, मग विचारावं, बाबा रे, जित्याजागत्या माणसाचा खर्च कधी सरळ रेषेत जातो का? पण त्या दिवशी तनुजाच्या कानाखाली वाजवायला कोणी नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हापिसात भिंतीवर पडदा लावलेला होता, समोर पैसे देणाऱ्या कंपनीची माणसं बसली होती, आणि तनुजा उभी राहून एक रेष दाखवत होती.

"हा आमचा पहिला नंबर," ती म्हणाली. "चार महिन्यांत एकदाही खर्च हाताबाहेर गेलेला नाही."

रेष प्रणयची होती. प्रणय म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. माणसं माना डोलवायला लागली. एक जण म्हणाला, याची फिल्म काढा, मोठ्या साहेबांना दाखवू, पुढच्या वर्षाचे पैसे सुटून जातील. तनुजाचा चेहरा असा फुलला की काय सांगावं. तिनं तिथूनच आईला फोन लावला, "आई, आपला प्रणय पहिला आला."

आता हे पहिलं येणं कसलं, ते सांगायला पाहिजे, कारण पुढं जे रक्त सांडलं ते याच्याचपायी सांडलं.

प्रणय जन्मापासून स्वमग्न. बोलणं कमी, आणि तेच तेच. अंगाला हात लावलेला खपायचा नाही. कामाला वाघ, पण पैसा म्हणजे त्याच्या लेखी नुसता कागद. शंभरात काय येतं आणि हजारात काय, हे माप डोक्यात बसायचंच नाही. एकदा सगळ्या पगाराच्या बॅटऱ्या घेऊन आला, उजेड पाडायच्या, आणि वर खुशीत. त्यांच्या गावात, लासूर स्टेशनात, लोक त्याला येडा म्हणायचे. तनुजा शिकली, शहरात आली, कंप्युटरातली झाली. तिनं मनाशी घेतलं की प्रणयला आकडे शिकवत बसायचं नाही. लहानपणी शाळेत ते करून झालं होतं आणि त्यात त्याच्या हातावर पट्ट्या सोडून काही उमटलं नव्हतं. आता पैसाच असा दाखवायचा की त्याला दिसेल.

मग तिनं आणि तिच्या कामातल्या जोडीदारानं, फरहाननं, दोन वर्षं खपून मोबाइलचं एक ॲप बनवलं. नाव ठेवलं 'भाकरी'. त्यात आकडा नाहीच. पगार आला की घरखर्च आपोआप बाजूला, आणि उरलेल्याच्या रोजच्या भाकऱ्या. पडद्यावर फक्त आजची एक, ज्वारीची, चांगली पोपडा सुटलेली. चहाचे पैसे दिले की कोर तुटते. नाश्ता केला की चतकोर जाते. भाकरी संपली की आजचं संपलं, उद्याची उद्या. प्रणयला ते एका दुपारीत कळलं. "ताई, अर्धी राहिली," तो म्हणाला, आणि तनुजा मोरीत जाऊन तोंडावर पदर दाबून रडली. त्याच्यासारखे कितीजण असतात. कोणाचं मन एका जागी ठरत नाही, कोणाला आकडे नाचताना दिसतात. त्या सगळ्यांना हे चाललं. कन्नडपासून वैजापूरपर्यंत घरांघरांत चाललं. पोरगी हुशार, त्यात वाद नाही.

पण पैसे देणाऱ्यांची एक अट होती. प्रत्येकाच्या मागं एक 'भरोशाचा माणूस' पाहिजे. याचा खर्च झाला की त्याला निरोप गेला पाहिजे. त्याशिवाय ॲप उघडायचंच नाही. खोटं कशाला बोला, तनुजाला ती अट आवडलीच. प्रणयच्या रकान्यात तिनं थोरल्या भावाचं, शिवमचं नाव घातलं. आपल्याकडं थोरल्याचंच घालतात, रेशन कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत. विचारतो कोण? प्रणयला तर कोणीच विचारलं नाही.

निरोप कधी यावा, याच्या तीन तऱ्हा तिनं ठेवल्या होत्या. भाकरी संपल्यावर, अर्धी झाल्यावर, किंवा दर घासाला. शिवमनं तिसरी निवडली. तनुजाला भरून आलं. दादा किती काळजी करतो! फरहानला तिनं ते दोनदा सांगितलं. हाय रे कर्मा.

फिल्म काढायला ती आणि फरहान मोटरसायकलवर लासूरला गेले तेव्हा मक्याचा हंगाम होता. बाजार समितीच्या आवारात पिवळे ढीग पडलेले, काटे चाललेले, हमालांची ओरड. प्रणय शेडच्या कडेला बसून पोत्यांची तोंडं शिवत होता. दाभण आत, दाभण बाहेर, सुतळी खेचायची, पुढचा टाका. हात असा चालायचा की बघत राहावं. फरहाननं कॅमेरा लावला.

"प्रणय, आजची भाकरी दाखव की," तनुजा म्हणाली.

त्यानं न बघता फोन पुढं केला. दुपार टळत आली होती आणि भाकरी अख्खी होती. एक कोरसुद्धा तुटली नव्हती.

"चहा नाही घेतला अजून?"

"नाय."

"का रे?"

"अख्खी पायजे," प्रणय म्हणाला. "अख्खी पायजे. अख्खी पायजे."

काट्यावर मुबारकचाचा बसले होते. आडतीवरचा हिशेब तेच बघायचे. प्रणयला कामावर लावलं तेही त्यांनीच. ते उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बेटी, बरं झालं तू आली. चार महिने झाले, हे पोरगं दिवसभर कायबी खात नाय. नळाचं पाणी पितं नि शिवत बसतं. म्या चहा मागवला तर पेतं, पण आधी फोन गोणीखाली दडवतं. म्या म्हनलं, काय यडेपणा लावला!"

तनुजानं परत फोनवरची अख्खी भाकरी बघितली. पण मन मानेना हो. तिनं स्वतःलाच सांगितलं, काटकसर शिकला असेल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसरा कोणी लागत नाही.

तेवढ्यात एक हमाल भरलेलं पोतं ओढायला आला आणि प्रणय हात द्यायला वाकला. सदरा वर सरकला. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काही काळे पडलेले, काही हिरवट, आणि दोन अगदी ताजे, कातडी फुटून लाल झालेले. कमरेपाशी बकलाचा चौकोन उठला होता, मोहर मारावी तसा.

फरहानच्या हातातला कॅमेरा खाली आला. "या अल्ला," तो म्हणाला.

"कोण मारतं?" तनुजाचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "प्रणय, कोण मारतं तुला?"

"फोन वाजतो," प्रणय म्हणाला.

"कोणाचा?"

"दादाचा फोन वाजतो. मग येतो. फोन वाजतो, मग येतो." आणि त्यानं पुढचा टाका घातला.

बस. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या तिनंच दिल्या होत्या. वर पेढे वाटल्यासारखी गावभर सांगत सुटली होती. ती सरळ रेष म्हणजे उपाशी पोट आणि सोललेली पाठ होती, बाकी काही नाही. तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि त्या संतापात तिनं जे केलं ते शहाण्यानं केलं नसतं. तिनं प्रणयचा फोन घेतला, रकाना उघडला, शिवमचं नाव पुसलं आणि तिथं स्वतःचं घातलं.

"तनुजा, रुक," फरहान म्हणाला. "रुक जा, एक मिनिट..."

"काय रुक? पुसलं मी!"

"निरोप जातो ना त्याला! आपणच लिहिलाय."

खरंच होतं ते. नाव काढलं की जुन्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून तिनं चांगलं बसून, शब्द निवडून निवडून एक निरोप लिहिला होता. 'प्रणय यांनी आता भरोशाचा माणूस म्हणून दुसऱ्या व्यक्तीची निवड केली आहे. आजवरच्या सोबतीबद्दल मनापासून आभार.' हसऱ्या चेहऱ्यासकट. शिवमचं खत-बियाण्याचं दुकान रेल्वे फाटकाच्या पलीकडं. तो निरोप तिथं कधीचाच वाजला होता.

"उठ," ती प्रणयला म्हणाली. "चल, आपण जाऊ. शहरात जाऊ."

"पोतं राहिलं," प्रणय म्हणाला.

"मरू दे पोतं! उठ रे राजा!"

"पोतं राहिलं. तोंड उघडं राहिलं." तो काही उठेना. ओढावं तर हात लावता येत नाही. फरहान गाडी काढायला पळाला. आणि शेवटचे टाके पडायच्या आत शिवमची बुलेट आवारात शिरली.

शिवमला तुम्ही बघितलं असतं तर तुम्हीही म्हणाला असता, काय सालस माणूस. पांढरा सदरा, प्रत्येकाला दादा, भाऊ, या बसा. त्यानं गाडी नीट स्टँडवर लावली, किल्ली खिशात टाकली, चालत आला, आणि एक शब्द न बोलता प्रणयच्या कमरेत लाथ घातली. प्रणय पोत्यावर तोंडघशी पडला. शिवमनं त्याचे केस मुठीत धरले आणि डोकं त्याच पोत्यावर आपटायला लागला. एकदा. परत. परत.

"दुसरा माणूस पायजे? व्हय रे? मला काढतो? मला?"

प्रणय ओरडत नव्हता. हेच तनुजाला सगळ्यात भयानक वाटलं. तो फक्त डोळे मिटून हिसक्याबरोबर हलत होता, सवय असल्यासारखा.

"दादा! सोड त्याला! मी काढलं! मी काढलं नाव!" ती मध्ये पडली. शिवमनं मागं न बघता हात फिरवला. उलटा हात तिच्या तोंडावर बसला, ओठ दातात फाटला आणि तोंड रक्तानं भरलं. फरहान धावत आला, त्याला खांदा मारून शिवमनं काट्यावर ढकललं. त्याचं डोकं लोखंडावर आदळलं आणि तो खाली बसला तो बसलाच. हमाल गोळा झाले, पण घरचं भांडण म्हटल्यावर आपल्या लोकांचे पाय जमिनीला चिकटतात, तसे चिकटले.

"लाज नाही वाटत?" तनुजा रक्त थुंकत किंचाळली. "उपाशी ठेवतोस? पट्ट्यानं मारतोस?"

"तू बोलू नको मला!" शिवमनं कमरेचा पट्टा काढला होता. "आधी मला महिन्यातून एकदा कळायचं, तवा एकदा मारायचो. आता घासाघासाला कळतं. यंत्र कोणी आणलं? तूच ना? तूच दिलं ना माझ्या हातात?"

आणि त्यानं पट्टा उचलला.

पोती ओढायचा लोखंडी हूक पायाशी पडला होता. तनुजानं तो कधी उचलला ते तिलाही कळलं नाही. तिला एवढंच कळत होतं की याचं डोकं फोडायचं. रोखायचं नाही, घाबरवायचं नाही, फोडायचं. असं ज्या घरात जन्मलो त्या घराबद्दल वाटू शकतं, हे तिला त्या क्षणाआधी माहीत नव्हतं. तिनं हूक दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि मुबारकचाचांनी मागून तिची मनगटं धरली. "नाय बेटी! मरंल तो! फाशी जाशील!" तेवढ्यात शिवम वळला. त्यानं पट्टा टाकला, डाव्या हातानं तिचा गळा धरला, चाचांच्या हातातून तिला ओढून काढलं आणि शेडच्या खांबावर दाबलं. तिला श्वास घेता येईना. पांढरा सदरा, त्याच्यावर तिच्याच रक्ताचे शिंतोडे, आणि दादाचे डोळे. लहानपणी हाच तिला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरला होता.

प्रणय उठला. शांतपणे उठला, नाक फुटलेलं, सगळी हनुवटी लाल. जवळ आला, शिवमचा उजवा हात खांबावर टेकलेला होता तो त्यानं पाहिला, आणि अंगठा आणि बोटाच्या मधल्या मांसात दाभण घातला. आत घातला, दुसऱ्या बाजूनं काढला. आणि मग, टाका पडला की हाताला जी सवय, ती झाली. त्यानं सुतळी खेचली.

शिवमची ती किंकाळी स्टेशनापर्यंत गेली असेल. तनुजाचा गळा सुटला. हातभर सुतळी रक्तात भिजून त्या हातातून आरपार गेली होती आणि प्रणय पुढच्या टाक्याची जागा शोधत होता. मुबारकचाचा प्रणयच्या समोर गेले आणि, हात न लावता, नुसतं म्हणाले, "बास, बेटा. शिवून झालं. पोतं झालं." तेव्हा तो थांबला.

सरकारी दवाखान्यात शिवमच्या हातातली सुतळी कापून काढली. हवालदार आला. शिवम विव्हळत म्हणाला, "येडा हाय सायेब. मोकळा ठेवू नका. येड्याच्या दवाखान्यात टाका." हवालदार प्रणयकडं निघाला तसे मुबारकचाचा आडवे झाले. "सायेब, हात लावू नका, बिथरंल तो. त्यालाच सांगा सदरा काढायला." प्रणयनं सदरा काढला. हवालदारानं पाठ पाहिली, बराच वेळ पाहिली. मग शिवमला विचारलं, "तक्रार द्यायची का? देत असशील तर मी दोन्हीकडची लिहितो." शिवमनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

प्रणयचे कपडे आणायला तनुजा घरी गेली तेव्हा मनकर्णाबाई दारातच उभी होती. आईच ती, पण तिनं आत ये म्हटलं नाही. गाठोडं आधीच बांधून ठेवलेलं.

"आई, तुला दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं की," मनकर्णाबाई म्हणाली. "मार खाल्ला म्हणून तर सुधरला. तूच सांगितलं ना फोनवर, प्रणय पयला आला म्हणून? म्या गल्लीत पेढे वाटले." एवढं बोलून तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि तनुजानं गाठोडं उचललं.

शहरात मुकुंदवाडीला तनुजाची दोन खोल्यांची जागा होती. बाहेरची खोली प्रणयला दिली. मुबारकचाचांनी ओळखीनं जाधववाडीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती शिवायचं काम लावून दिलं. नाकाची सूज उतरली, पाठीवर खपल्या धरल्या. फरहानच्या डोक्याचे टाके निघाले. आता सगळं ठीक, असं तनुजाला वाटलं. भरोशाच्या माणसाच्या जागी आता तिचं नाव होतं, निरोपाची तऱ्हा तीच, दर घासाला, आणि ती काय मारणार होती थोडीच?

पहिले काही दिवस भाकरी रोज अख्खी. मग एके दिवशी दुपारी, हापिसात बसली असताना, तिचा फोन वाजला. 'प्रणय यांनी एक घास खाल्ला.'

बाई आनंदानं उठूनच उभी राहिली. "फरहान! खाल्लं त्यानं! काहीतरी खाल्लं!" आणि तिनं लगेच, त्याच पावली, त्याला फोन लावला. प्रेमानंच लावला हो. "काय घेतलं रे राजा?"

पलीकडून एक फटका ऐकू आला. मग अजून एक. मांसावर पडलेला हात कसा वाजतो ते तिला आता चांगलं ठाऊक होतं.

"प्रणय? कोण मारतंय? प्रणय!"

"मारलं," प्रणय म्हणाला. फट. "ताई, मारलं मी." फट. "तू नको येऊ. मारलं." फट. फट. फट.

ती जिन्यावरून कशी उतरली आणि मोंढ्यात कशी पोचली, देवाला ठाऊक. प्रणय पोत्यांच्या थप्पीमागं बसला होता. दोन्ही गाल सुजून पेटलेले, एका डोळ्यात रक्त उतरलेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आणि रक्त. शेजारी चहाचा ग्लास, तसाच भरलेला, वर साय धरलेली. तनुजाला बघितलं आणि त्याचा हात दुप्पट जोरानं चालायला लागला. दोन्ही हातांनी. ती पुढं झाली तर तो डोकं पोत्यावर आपटायला लागला. शेवटी ती मागं सरकली, लांब, पार रस्त्याच्या कडेला, आणि मातीत बसली. तेव्हा कुठं हात मंदावले. आगीतून काढून तिनं त्याला फुफाट्यात टाकलं होतं. शिवमचा हात तरी दुखल्यावर थांबायचा. हा थांबत नव्हता.

तिथं मातीत बसूनच तिनं स्वतःचं नाव काढायचा प्रयत्न केला. पडद्यावर आलं, 'भरोशाचा माणूस निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' हेही वाक्य तिचंच. तिनं फरहानला फोन लावला.

"काढून टाक. तो रकानाच काढ. प्रणयचा नाही, सगळ्यांचा."

"यार, त्या एका गोष्टीवर तर पैसे मिळालेत. ते लोक एका दिवसात बंद करतील."

"करू देत बंद."

फरहान म्हणाला, "सगळ्यांचा काढला तर सगळ्या घरांत निरोप जाईल. आभार मानणारा."

"म्हणून आधी तो निरोपच पूस," तनुजा म्हणाली. "आधी तो, मग रकाना."

त्या संध्याकाळी दोघांनी ते केलं. आणि करून झाल्यावर तनुजानं सगळ्यांच्या रेषा पडद्यावर घेतल्या आणि सरळ असलेल्या तेवढ्या बाजूला काढल्या. प्रणयसारख्याच सरळ. इतके दिवस ज्यांचं कौतुक केलं तेच हे. ती एकेका घरी फोन करत गेली. कन्नडच्या एका पोरीनं उचलला, "भाऊ इथंच हाय," एवढं म्हणाली आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा आणि फरहान त्या घरी गेले. त्या घरात काय दिसलं ते मी सांगत नाही, ऐकवणार नाही. पैसे देणाऱ्यांनी महिनाअखेर हात वर केले. हापिस सोडलं, आता काम फरहानच्या घरच्या गच्चीवरून चालतं.

आणि प्रणय? प्रणयच्या फोनमध्ये भाकरी राहिली, पण ती आता फक्त त्याचीच. कोणाचाही फोन वाजत नाही. तनुजानं त्याला ते सांगितलं, वीस वेळा सांगितलं. पण सांगण्यावर विश्वास ठेवायला तो काही तुमच्याआमच्यासारखा नाही. त्याला बघायचं होतं.

मग एका पगाराच्या दिवशी तो उशिरा आला. दिवसभर तनुजाच्या जिवाला घोर. कुठं गेला, काय घेतलं, कोणी फसवलं तर? चारदा तिनं फोन हातात घेतला आणि चारदा पालथा टाकला. वाटलं, एकदा, फक्त एकदा त्याची रेष बघावी. अहो, मार देणारा हात वेगळा दिसतो, पण आतली खाज हीच असते, हे तिला त्या दिवशी कळलं आणि तिची तिलाच शिसारी आली.

दार वाजलं. प्रणय आत आला. हातात मोठी पिशवी, पार भरलेली, दिवसाची अख्खी भाकरी तरी त्यात गेली असेल. ती पिशवी त्यानं पाठीमागं धरली, खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला, डोळे मिटले, दात घट्ट दाबले, आणि एक गाल तिच्यापुढं केला.

तनुजाच्या मनात आलं, धावत जावं, कुरवाळावं, म्हणावं, नाही रे मारणार, कोणी नाही मारणार तुला. पण तेही त्याला हात लावणंच झालं असतं. तिनं खाली बसून लसूण घेतला आणि सोलायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते गळू दिलं. नाक ओढलं नाही, न जाणो, आवाजानं तो दचकायचा. ताट वाढलेलं होतं. तो तसाच उभा. दुसरा गाल पुढं केला. तिनं पुढची पाकळी सोलली.

मग त्यानं एक डोळा उघडला. फोन बघितला तिचा, पालथा पडलेला. बराच वेळ बघितला. वाजला नाही. मग दुसरा डोळा उघडला, पिशवी घेऊन आपल्या खोलीत गेला, तिच्याकडं पाठ करून बसला आणि आतलं एकेक बाहेर काढायला लागला. आणि हसला. मोठ्यानं, घशातून, लहानपणी हसायचा तसा.

पिशवीत काय होतं, ते तिनं विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.